रमाबाई रानडे आणि शिकलेली सेवा

पेडण्याच्या आमच्या घरी आजी खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या सेवेत कोणी काही कमी केले नाही. आई वेळेवर पेज भरवी, मी पाय चेपी. तरी पंधरा दिवसांत तिच्या माकडहाडावर जखम झाली. डिचोलीहून आलेल्या नर्सबाईंनी पहिलीच चौकशी केली ती आजीची कूस दर दोन तासांनी कोण पालटते याची. आम्ही मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिलो. तिला दुखते म्हणून आम्ही तिला हलवतच नव्हतो. माया होती, माहिती नव्हती. ती जखम भरायला तीन महिने लागले.

पुढे मी परिचर्येचे शिक्षण घेऊ लागले आणि रमाबाई रानडे यांचे चरित्र वाचनात आले. मायेला माहितीची जोड हवी, हे या स्त्रीने किती आधी ओळखले होते!

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले, आणि घरातल्या बायकांचे टोमणे सोसत त्या मराठी व इंग्रजी शिकल्या. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. रमाबाई दुःख कवटाळून बसल्या नाहीत. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. त्यात गोपाळ कृष्ण देवधरांची त्यांना मोलाची साथ लाभली.

सेवासदनाने मुलींना आणि विधवांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. त्यासाठी त्या ससून इस्पितळात जात. आज यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणे कुलीन स्त्रीला कमीपणाचे समजत, त्यात विटाळाचे भय वेगळेच. रमाबाईंनी या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

शय्याव्रणाचा विचार करताना मला त्यांची आठवण होते, कारण हे व्रण टाळण्याचे ज्ञान सारे हातात आहे. माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या जागी भार सतत राहिला की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरते. लाली दाबून पाहावी. ती फिकी होत नसेल तर धोका समजावा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून ऊब आणि कठीणपणा बोटांनी चाचपावा. कूस पालटावी, टाचा अधांतरी ठेवाव्यात, चादरीला सुरकुती नसावी, अंग कोरडे असावे. पेजेबरोबर डाळ, अंडे, मासळी द्यावी. पूर्वी लाल जागा चोळीत. ते आता अपायकारक ठरले आहे. म्हणजे परिचारिकेने एकदा शिकून भागत नाही, शिकत राहावे लागते.

अकराव्या वर्षी पाटी हाती घेतलेल्या रमाबाईंचे आयुष्य मला हेच सांगते. मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी कोणीतरी अंथरुणाला खिळेल. त्या वेळी डोळ्यांत पाणी असो वा नसो, दोन तासांचा हिशेब मात्र हातांना ठाऊक असू द्या.