चाळीसगावचा टांगा आणि मोबाईलवरचा टांगा

धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेब वकील म्हणून धुळ्याच्या न्यायालयात आले, तेव्हा ते तेथे मुक्कामाला होते. दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते आणि खान्देशातले समाजबांधव कुटुंबकबिल्यासह जातात. परंतु त्याच्या आठ वर्षे आधीची चाळीसगावची आठवण तितकी सांगितली जात नाही. आज ती सांगणे आम्हाला अधिक गरजेचे वाटते.

साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळे मार्गावरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून २३ ऑक्टोबरला ते चाळीसगाव स्थानकावर परतले. बाहेर भाड्याचे टांगे उभे होते. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपला नेता पायी येणार, हे आपल्या माणसांना सहन होईना. तासाभराने तडजोड निघाली. मालक टांगा भाड्याने देईल, हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने लगाम धरला त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीच्या पुलावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले. घोडा-गाडी नदीत गेली. त्यांचा पाय मोडला.

या तडजोडीचा हिशेब नीट पाहा. भाडे मालकाचे, जोखीम महारांची! साधन मिळाले, कसब मिळाले नाही. पुढे बाबासाहेबांनी यंत्र, मजूर आणि कायदा यांबाबत जे केले, त्यात हाच हिशेब उलटा करण्याची धडपड दिसते.

मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी हेच पाहिले होते. विणकाम खात्यात पगार जास्त. पण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात मज्जाव. विलायती यंत्र आले, तरी त्यावर विटाळाचा पहारा बसलाच. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. तरीही ते यंत्राच्या विरोधात गेले नाहीत. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस माणूस होत नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाला बजावले. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा नफा मूठभरांच्या हाती देणाऱ्या व्यवस्थेचा आहे, हे त्यांचे अर्थशास्त्र होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी ते अमलात आणले. कारखान्यांतला कामाचा आठवडा कायद्याने ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

मग संविधान आले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दुकान या शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांनी तो जितका रुंद करता येईल तितका केला. जो कोणी येईल त्याला सेवा देण्यास जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. त्यात न्हावी आला, धोबी आला. हे सांगताना त्यांना चाळीसगाव आठवले असेल का, हे आम्ही कसे सांगावे? पण पुढे कलम १५(२) झालेल्या त्या तरतुदीत टांगेवाला चपखल बसतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही याच व्यापक अर्थाचा आधार घेतला.

आज टांगा मोबाईलवर आला आहे. गाडी, जेवण, सुतार, मोलकरीण सारे ॲपवर. मग ॲप हे दुकान नाही काय? आमच्या मते निःसंशय आहे. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. पण विटाळ संगणकातही शिरू शकतो, हे त्यातून दिसले. आणि डिलिव्हरी करणारा पोरगा कंपनीचा म्हणे भागीदार! गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघात त्याचा, कमिशन कंपनीचे. तक्रार आली की बाजू न ऐकता आयडी बंद. चाळीसगावची तडजोड यापेक्षा काय वेगळी होती?

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी, असे तीत आहे. पण निधी म्हणजे हक्क नव्हे. किमान वेतन, सुनावणीचा अधिकार आणि ॲपवरच्या भेदभावाची जबाबदारी थेट कंपनीवर, या मागण्या आता चळवळीने हाती घ्याव्यात.

जळगाव-धुळ्याची आपली मुले आज पाठीवर पेट्या घेऊन हिंडत आहेत. त्यांनी हा कायदा वाचावा, संघटित व्हावे. आणि काहींनी ही ॲप बनवण्याचे कसबही शिकावे. लगाम हाकता येणाऱ्याच्याच हाती असला पाहिजे, आणि तो आपल्यातलाही असला पाहिजे. लांडोर बंगल्यावर जाताना चाळीसगावचा तो पूल विसरू नका.