आंबडव्याचे सुपुत्र आणि शास्त्रविद्येचे द्वार

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या पूर्वजांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु ज्या भूमीत प्रभूने आपणांस ठेविले, तिचेही आपण काही देणे लागतो. याच मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे लहानसे खेडे आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या घराण्याचे ते मूळ गाव. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. तथापि गरिबांच्या मुलांस शास्त्रविद्या मिळावी म्हणून त्यांनी जी खटपट केली, ती आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. म्हणून त्या अंगाने त्यांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे पलटणीत सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शनीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. १८९६ साली मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. महार जातीत जन्म, म्हणून शाळेत या बालकास घरून आणिलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची सोय नव्हती; शिपाई नसला म्हणजे पाणीही नसे.

पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात एके दिवशी गुरुजींनी त्यांस गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले. फळ्यामागे इतर मुलांचे फराळाचे डबे होते. ते विटाळतील या भयाने मुले धावली, डबे बाजूस झाले आणि मगच भीमरावांचा हात खडूस लागला. गणित येत होते. अडथळा बुद्धीचा नव्हता, रूढीचा होता.

दुसरा अडथळा दारिद्र्याचा. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. सुभेदार पहाटे दोन वाजता मुलास अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकास पैसे नसले म्हणजे ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. मुलगी आपला दागिना काढून देई, तो गहाण पडे, आणि पेन्शन आल्यावर सुटे. भावाच्या विद्येचे मोल असे बहिणींच्या अलंकारांनी भरले, ही गोष्ट घरोघरच्या आईबापांनी ध्यानात ठेवावी.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. बी. ए. नंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनास गेले, तो शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली अर्थशास्त्रात डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. शिष्यवृत्तीने वाट कशी उघडते आणि तिच्या अभावी कशी बंद होते, हे त्यांनी असे स्वतः भोगले होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयांस एक निवेदन सादर केले. त्यातील विचार मोठा मार्मिक आहे. अनुसूचित जातींची मुले वाङ्मय व कायदा यांकडेच वळतात, ती आवडीने नव्हे, तर तेवढेच परवडते म्हणून. शास्त्र व तंत्र यांच्या शिक्षणास प्रयोगशाळा लागते, उपकरणे लागतात, शहरात राहण्याचा खर्च लागतो. सरकारने हात दिल्यावाचून हे द्वार त्यांस कधीही उघडणार नाही. म्हणून देशातील शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठी वर्षास २ लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. या खटपटीस फळ आले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि काही विद्यार्थी सरकारी खर्चाने परदेशीही गेले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय उघडले. नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेविले.

मुलींचाही त्यांस विसर पडला नव्हता. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस वाहणाऱ्या सावित्रीच्याच काठी महाड आहे. तेथे डिसेंबर १९२७ मध्ये जमलेल्या स्त्रियांस त्यांनी बजाविले, की विद्या ही पुरुषांची मिरास नव्हे. मुलांप्रमाणे मुलींसही शिकवा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले. त्यांचा धर्ममार्ग आमच्याहून निराळा होता. परंतु सत्कार्याचा आदर करण्यास धर्मभेद आड येऊ नये.

आता एक गोष्ट आम्ही लपवून ठेवू इच्छीत नाही. पूर्वी एका धर्मग्रामात असता एक बाप आपल्या हुशार मुलीस विज्ञान शाखेस घालावे काय, असे विचारावयास आला होता. खर्च व वसतिगृह यांचा विचार करून, जवळच्या कॉलेजात कला शाखाच बरी, असा सल्ला आम्ही दिला. मुलीस काय हवे, हे आम्ही विचारलेही नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्यास अर्धा तास पुरला असता. तो अर्धा तास आम्ही दिला नाही, याची खंत आजही वाटते.

शुभवर्तमानात धन्याचे नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आहे. मुलीच्या अंगी गणिताची वा रसायनाची बुद्धी असता ती आपण काटकसरीच्या नावाखाली पुरून ठेविली, तर त्या चाकराहून आपण निराळे कसे? तेव्हा प्रिय आईबापांनो, कन्येची दहावी झाली म्हणजे प्रथम तिची इच्छा विचारा, मग खर्चाचा हिशेब मांडा. तो जुळत नसेल तर निःसंकोच आमच्याकडे या. अर्ज आपण मिळून भरू. एके काळी बहिणींनी दागिने दिले, आता भावांनी ते ऋण फेडावे. या ज्युबिलीच्या वर्षी आपल्या घराघरांतील लेकरांवर परमेश्वराची कृपा असो.