दादासाहेबांच्या हातातलं पुस्तक

उल्हासनगरच्या शाखेत मी अधिकारी होतो, त्या काळात कर्ज मागायला येणाऱ्यांत लायटिंगवाल्यांची एक वेगळीच जात असे. लग्नाचे मंडप, चेटीचंड, गणपती, नवरात्र, कॅम्पातल्या मैदानावरचे ऑर्केस्ट्रा; जिथे रोषणाई तिथे ही माणसं. मालाची तपासणी करायला त्यांच्या गाळ्यात गेलं की वेटोळी घातलेल्या केबली, हॅलोजन, डिमरच्या पेट्या, एखादा जनरेटर अशी यादी मी लिहून घ्यायचो. आणि बऱ्याच गाळ्यांत, झुलेलालच्या नाहीतर गणपतीच्या तसबिरीजवळ, एक पुस्तक दिसायचं. कव्हर गेलेलं, पानांवर तेलकट बोटांचे ठसे. किती अँपिअरला किती जाडीची तार, तीन फेजवर भार सारखा कसा वाटायचा, अर्थिंग कसं करायचं, हे सगळं त्यात. आयटीआयच्या अभ्यासक्रमाचं असेल, नाहीतर रद्दीतून उचललेलं इंग्रजी असेल. माझ्या तपासणी अहवालात त्या पुस्तकाला रकाना नव्हता.

करमणुकीच्या धंद्यातला कारागीर म्हटला की तो उस्तादाच्या हाताखाली, चार शिव्या खाऊन तयार होतो, अशी आपली समजूत. ती बरीचशी खरीही आहे. पण या देशातल्या सगळ्यात मोठ्या करमणुकीच्या धंद्याची मुहूर्तमेढ ज्या मराठी माणसाने रोवली, त्याला उस्ताद मिळालाच नव्हता. त्याच्या हाती लागलं एक पुस्तक. त्या माणसाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी दिल्लीत दिला जातो. पुस्तकाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावं, नाहीतर वकील. हा गेला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १८८५ साली. पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी या मुलाला प्रयोगशाळा वापरू दिली, रंगीत ठसे तयार करण्याची विद्या शिकायला रतलामला पाठवलं. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती केल्याबद्दल फाळक्यांना सुवर्णपदक मिळालं. वय बावीस. चित्रपट नावाची वस्तू जगात यायला अजून तीन वर्षं होती. पण प्रेक्षक कुठे बसतो आणि त्याला काय, कसं दिसतं, याचा हिशेब या माणसाच्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता.

त्यानंतरची वीस वर्षं धंदे बदलण्यात गेली. गोध्र्याला फोटोग्राफीचं दुकान काढलं; तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. नाटकांचे पडदे रंगवले. जादू शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग केले. १९०२ साली दुसरं लग्न झालं. मुलगी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली, गिरिजा करंदीकर. सासरी तिचं नाव सरस्वती झालं. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन आणि छायाचित्रकाराची सरकारी नोकरी लागली. ती १९०६ च्या सुमारास सोडून लोणावळ्याला छापखाना काढला आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. मुंबई-लोणावळा या फेऱ्यांत आमचं अंबरनाथ आणि बदलापूर त्यांनी गाडीच्या खिडकीतून किती वेळा पाहिलं असेल! पुढे छापखाना दादरला आला, भरभराटला, १९०९ साली ते छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी पटेना म्हणून भरल्या ताटावरून उठले.

वयाच्या चाळिशीत, बायको-मुलं पदरी असताना, हातात धंदा नाही. अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावात तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही आली आहे. मला त्यापेक्षा त्यानंतरचे महिने महत्त्वाचे वाटतात. कारण दृष्टान्त पुष्कळांना होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन त्या विषयावरची पुस्तकं आणि किमतींचे कॅटलॉग मागवणारा विरळा.

त्या कागदांच्या ढिगात सेसिल हेपवर्थ या इंग्रजाचं पुस्तक होतं. सिनेमॅटोग्राफची बाराखडी, असं त्याच्या नावाचं मराठी करता येईल. १८९७ साली, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळानंतर दोनच वर्षांत, हौशी छायाचित्रकारांसाठी ते निघालं. हेपवर्थ तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याचे वडील मॅजिक लँटर्नवर व्याख्यानं देत, आणि या पोराने प्रोजेक्टरसाठी विजेचा आर्क दिवा तयार करून विकलाही होता. म्हणजे लेखक मुळातला लायटिंगवालाच! अशा माणसाचं पुस्तक नुसती वर्णनं करत बसत नाही. फिल्म कशी ओढायची, कशी धुवायची, दिवा कुठे ठेवायचा, हे ते सांगतं.

फाळक्यांनी मेणबत्तीवर चालणारं एक खेळण्यातलं प्रोजेक्टर आणलं आणि भिंतीवर चित्रं हलवून पाहिली. रोज संध्याकाळी चार-पाच तास थिएटरात बसायचं, घरी येऊन वाचायचं, प्रयोग करायचे. झोप जेमतेम. परिणाम व्हायचा तोच झाला. डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली. उजेडाचा धंदा शिकताना डोळ्यांनी भरलेला हा पहिला हप्ता.

दुसरा हप्ता पैशाचा. बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी दहा हजार उभे केले. मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली आहेत. धंद्याचा पूर्वानुभव नाही, देशात कुणीही तो धंदा केलेला नाही, अर्जदाराची दृष्टी अधू, आधीची भागीदारी मोडलेली. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर पॉलिसी असूनही मी दोनदा विचार केला असता. आणि पॉलिसी म्हणजे काय? आपण मेलो तर बायकामुलांना मिळायचे पैसे. सरस्वतीबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. उलट स्वतःचे दागिनेही पुढे केले.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे पिकॅडिलीत फिरताना एका कचेरीवर त्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वर्गणी भरून वाचत. सरळ आत गेले. संपादक कॅबर्न यांनी आधी परावृत्त करून पाहिलं, इंग्लंडातलेच कितीतरी निर्माते बुडाल्याचं सांगितलं, हिंदुस्थानच्या हवामानाची भीती घातली. माणूस हटत नाही असं पाहून मग त्यांची हेपवर्थशी गाठ घालून दिली. ज्याचं पुस्तक वाचून घरातून निघालो त्याच्याच वॉल्टनच्या स्टुडिओत जाऊन उभं राहायचं, असा योग वाचकांच्या वाट्याला क्वचित येतो. हेपवर्थने सगळी खाती उघडून दाखवली, चित्रण कसं होतं ते दाखवलं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र खरेदी करून, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून, १ एप्रिलला फाळके परत आले.

हेपवर्थकडे विजेचे आर्क दिवे होते. फाळक्यांकडे ऊन होतं. त्या वेळच्या फिल्मला आजच्या मानाने फारच जास्त उजेड लागे, आणि तांबडा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चाले. दादरच्या बंगल्यात दिवसा उन्हात चित्रण आणि रात्री धुलाई असा क्रम बसला. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येई. ती अंधारात, हाताने, नेमक्या अंतरावर भोकून काढायची. हे काम सरस्वतीबाई करत. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, मधल्या वेळात नटांच्या तोंडावर ऊन पडावं म्हणून पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि रात्री भोकं पाडायची. आज या कामासाठी नाटक-सिनेमात चार वेगवेगळी माणसं असतात आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं येतात. सरस्वतीबाईंचं नाव पडद्यावर आलं नाही. पुरस्कार एकट्या दादासाहेबांच्या नावाचा आहे, याला माझी हरकत नाही. पण हिशेब लिहायचाच तर खात्याला दोन नावं हवीत.

कर्जदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक चित्र घेतलं. मिनिटभरात बीचा वेल होताना पाहून पैसेवाले विरघळले. ही युक्ती मला फार आवडते. प्रकल्प अहवाल असावा तर असा.

आणि आता आमच्या भागाची गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’मधली बाहेरची दृश्यं घ्यायला फाळके आपली मंडळी घेऊन वांगणीला आले. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. आज तिथून सकाळची लोकल पकडायला माणसं धावतात. तेव्हा गाव लहान. दाढ्यामिशा लावलेले, हातात तलवारी-भाले घेतलेले लोक पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. चित्रपट म्हणजे काय, हे समजावून सांगूनही पटेना. शेवटी फिल्म न घालता कॅमेरा फिरवून, एक दृश्य करून दाखवलं तेव्हा सुटका झाली.

पण त्याच मुक्कामात दुसरंही घडलं. रोहिदासाचं काम फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र करत होता. खेळताना तो खडकावर पडला, डोक्याला लागलं आणि बेशुद्ध झाला. मंडळी म्हणाली, ताबडतोब मुंबईला न्या. फाळक्यांनी प्रथमोपचार केले. मुलगा शुद्धीवर येईना. घ्यायचं दृश्य होतं रोहिदासाच्या मृत्यूचं. चरित्रकार सांगतात की फाळक्यांनी बेशुद्ध मुलाला तसाच ठेवून ते दृश्य घेतलं.

कामावरच्या निष्ठेचा नमुना म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती वाचताना दर वेळी पोटात खड्डा पडतो. पैसे संपत आलेले, ऊन उतरत चाललेलं, पुन्हा वांगणीला यायचं तर सगळा खर्च नव्याने. हे सगळं मी कागदावर मांडू शकतो. तरी बापाने तो हँडल कसा फिरवला असेल, ते मला मांडता येत नाही. कुठल्याही पुस्तकात हा धडा नव्हता. भालचंद्र बरा झाला, एवढंच.

सहा महिने सत्तावीस दिवसांत, ३७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आदल्या वर्षी दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ येऊन गेला होता. पण त्याचं कॅमेऱ्याचं काम परक्या माणसाचं आणि फिल्म धुतली लंडनला. फाळक्यांच्या घरात पोळपाट-लाटण्यापासून निगेटिव्हपर्यंत सारं एकाच छपराखाली झालं.

नंतरचं यश थोडक्यात सांगतो. नाशिकला बस्तान, ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंका दहन’, ‘कालिया मर्दन’. १९१४ ला ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा हेपवर्थने तिथेच राहून चित्रपट काढण्याची ऑफर दिली. फाळके परत आले. भागीदारांच्या हिंदुस्थान कंपनीत भांडणं झाली, ते काशीला निघून गेले, परत आले. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लेख लिहून आपला प्रवास सांगितला. ते लेख मोलाचे आहेत, पण मला रुखरुख वाटते ती वेगळीच. त्यांनी मराठीत एक हातपुस्तक लिहायला हवं होतं. फिल्म, दिवे, रसायनं, प्रमाणं, चुका सगळ्यासकट. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना कॅमेरा स्वतः बनवावा लागला, आणि कृत्रिम उजेडावर चित्रण करण्याचं श्रेय ज्याला देतात तो त्यांचा ‘सिंहगड’ १९२३ साली आला. मधली दहा वर्षं ज्याने त्याने आपलं आपण चाचपडत काढली.

बोलपट आले आणि फाळक्यांची विद्या जुनी झाली. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला १९३७ साली केलेला ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. तिकडे हेपवर्थची कंपनी १९२४ मध्येच बुडाली होती आणि त्याच्या निगेटिव्ह वितळवून विकण्यात आल्या होत्या.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळं आहेत, त्यातलं मूळ किती आणि १९१७ च्या नव्या चित्रणातलं किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. शिवाय एक छोटी पट्टी आहे, ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाची. तीत दादासाहेब नटांना समजावून सांगताना दिसतात. मग हातात फिल्म धरून, ती डोळ्यांजवळ नेऊन एकेक चित्र तपासताना दिसतात.