सीताफळाच्या पेशींपासून कॅन्सरच्या मुळापर्यंत : डॉ. कमल रणदिवे

पळसदरी : अंगावर गाठ दिसली की कर्जत-खोपोलीकडचा माणूस लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट धरतो. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासतात. त्या तुकड्यातल्या पेशी बघूनच कॅन्सर आहे की नाही ते ठरतं. याच परळमध्ये पेशींच्या अभ्यासाला आयुष्य देणाऱ्या मराठी बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबरला त्यांची जयंती असते.

कमलताई १९१७ साली पुण्यात जन्मल्या. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा, पण कमलताईंचा ओढा संशोधनाकडे. १९४३ साली त्यांनी पुण्याच्या शेती कॉलेजातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी!

१९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि पुढे त्या मुंबईला आल्या. टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कॅन्सरवर काम करून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत्या ठेवणं जगात पहिल्यांदा १९५१ साली याच प्रयोगशाळेत जमलं होतं.

हे काम राबातल्या रोपासारखंच. पेशीला काचेच्या भांड्यात शरीराइतकी ऊब द्यायची, खाद्य द्यायचं, ते वेळच्या वेळी बदलायचं. जरा बुरशी शिरली की सगळं पीक गेलं. पण पेशी जगली तर रोग कसा वाढतो, औषध कसं लागू पडतं, हे माणसाला हात न लावता बघता येतं.

कमलताई परदेशात राहिल्या नाहीत. मुंबईत परतून त्यांनी भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली समजतात. स्तनांचा कॅन्सर, त्याचा अनुवंशाशी आणि शरीरातल्या संप्रेरकांशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आज मधुमेहाचा शोधही याच वाटेने चाललाय. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. त्या मेल्या किंवा थकल्या की रक्तात साखर वाढते. या पेशीही आता प्रयोगशाळेत वाढवून तपासतात.

१९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभी करण्यात कमलताईंचा पुढाकार होता. पुढे तिच्या कामातून त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत गेल्या. पोरांचं पोषण कसं आहे याची माहिती गोळा केली, बायकांना आहार-आरोग्य समजावलं. आपल्याकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना हा प्रश्न नवा नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. त्यांच्या केंद्राचं संशोधन आता आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला चालतं. गाठीचा तुकडा काढायचा म्हटलं की आजही गावात माणूस घाबरतो, तपासणी पुढे ढकलतो. रोग मात्र थांबत नाही. पेशीत तो लवकर सापडला, तर उपचाराला वेळ मिळतो.