मेंदूचा चित्रकार

सांतियागो रामोन इ काहाल याचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील एका डोंगराळ खेड्यात झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलानेही वैद्य व्हावे ही त्यांची इच्छा. पण मुलाला वेड चित्रांचे! त्याच्या खोड्यांनी त्रासून वडिलांनी त्याला काही काळ जोडे शिवण्याच्या दुकानात उमेदवारीस ठेवले. अखेर त्यांनी स्वतःच त्याला शरीररचना शिकविली. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा त्या विद्येत रमला.

पुढे लष्करी वैद्य म्हणून तो क्यूबात गेला आणि हिवतापाने खंगून १८७५ साली परतला.

मेंदू म्हणजे तंतूंचे एकच अखंड जाळे आहे, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत. इटलीतील कामिल्लो गॉल्जी हा त्यांपैकीच एक. गंमत अशी, की त्यानेच १८७३ साली शोधलेल्या रंगपद्धतीने हे मत पुढे खोटे ठरविले. या पद्धतीने मेंदूच्या पातळ कापातील थोड्याच पेशी काळ्या होत, पण संपूर्ण दिसत. काहालने १८८७ साली ती पाहिली, सुधारली आणि पक्ष्यांचा लहान मेंदू तपासला. दाट आमराईत फांद्या एकमेकींत शिरतात, पण प्रत्येक झाडाचे खोड निराळे असते. तशीच प्रत्येक मज्जापेशी त्याला स्वतंत्र दिसली.

त्याचे निबंध फारसे कोणी वाचीना. म्हणून १८८९ साली तो आपले काचपट्ट घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेला. तेथे मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलून त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. वृद्ध पंडित कोलिकर याची त्यांवरून खात्री पटली.

पण मृत पेशी आपले काम कसे सांगणार? काहालने डोळ्याचा दृष्टिपटल तपासला. तेथे संदेश प्रकाश टिपणाऱ्या पेशींकडून मेंदूकडे जातो, हे उघड होते. पेशींच्या आखूड फांद्या संदेश येण्याच्या बाजूस वळलेल्या होत्या, तर लांब तंतू मेंदूच्या दिशेने गेलेला होता. म्हणजे फांद्या संदेश घेतात व तंतू तो पुढे देतो! नुसत्या आकारावरून त्याने कार्य ओळखले आणि आपल्या चित्रांत संदेशाची दिशा बाणांनी दाखविली.

१९०६ साली नोबेल पारितोषिक काहाल व गॉल्जी यांना विभागून मिळाले. त्या समारंभातही गॉल्जीने आपले जाळ्याचे मत सोडले नाही. १९३४ साली काहाल वारला. दोन पेशींमधील फट मात्र १९५० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून, प्रथम दिसली. एका मिलिमीटरचे ५०,००० भाग केले, तर त्यांतील सुमारे एका भागाएवढी ती असते.