वैनगंगेपासून तीन समुद्रांपर्यंत : गौतमीपुत्र सातकर्णी

गोंडपिपरी : लग्नपत्रिकेवर छापतात त्या शालिवाहन शकाचं नातं लोक सातवाहन घराण्याशी जोडतात. त्याच घराण्यातला सर्वात मोठा लढवय्या राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा.

तो गादीवर आला तेव्हा घराण्याचे दिवस वाईट होते. नहपान या शक क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ल्याचा मुलूख बळकावला होता. कल्याण बंदरात आलेली परदेशी जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. म्हणजे जमीन गेली अन् व्यापारही गेला.

मग राजा होता कुठे? नाशिकच्या पांडवलेणीतल्या लेखात त्याला बेनाकटकाचा स्वामी म्हटलंय. इतिहासकार वा. वि. मिराशी यांच्या मते बेना म्हणजे आपली वैनगंगा. काही अभ्यासक हे ठिकाण नाशिकजवळच धरतात. मिराशींचं खरं मानलं, तर हातचा मुलूख गेल्यावर या राजाने विदर्भाच्या नदीकाठावरून पुन्हा उभारी घेतली.

कारकिर्दीच्या १८ व्या वर्षापर्यंत त्याने नहपानाचा पुरता मोड केला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे १९०६ साली १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नाणी वितळवली नाहीत, त्यावरच शिक्का हाणला. बाजारात ज्याच्या हाती नाणं पडेल त्याला राज्य कोणाचं ते कळावं!

पुढे शक, यवन, पल्हव हरले. विदर्भ, अपरांत म्हणजे कोकण, सौराष्ट्र, माळवा एवढा पसारा झाला. त्याच्या सैन्याची जनावरं तीन समुद्रांचं पाणी प्यायली, असं लेखात कोरलंय.

पण शेतकऱ्याने वाचावी अशी गोष्ट वेगळीच आहे. विजयानंतर छावणीतूनच त्याने हुकूम काढला : कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. त्या शेतात शिपायांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. सहा वर्षांनी २४ व्या वर्षी कळलं की शेत पडीक आहे अन् गावच ओस पडलंय. कागदावर दान, वावरात कुसळं! तेव्हा राजाने आणि त्याच्या आईने मिळून नवा हुकूम दिला अन् शहराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं बदल्यात दिली. एवढा मोठा राजा, पण चूक दुरुस्त करायला कमीपणा मानला नाही.

त्याच्यानंतर मुलगा पुळुमावी गादीवर आला. काही वर्षांत रुद्रदामन या दुसऱ्या क्षत्रपाने उत्तरेकडचा बराच मुलूख परत घेतला.

आई गौतमी बलश्री मात्र मुलाच्या मागे जगली. नातवाच्या १९ व्या वर्षी तिने पांडवलेणीतलं लेणं भिक्षूंना दान दिलं अन् त्याच्या भिंतीवर मुलाचे सगळे पराक्रम कोरून घेतले. आज ते लेणं क्रमांक ३ म्हणून ओळखलं जातं.