उच्च शिक्षणाचा हिशेब मांडणारे जे. पी. नाईक

ग्वाल्हेरच्या विद्याजीवनात १९६४ या सालाचे महत्त्व आगळे आहे. तोवर येथील व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर परगावच्या विद्यापीठांची मोहोर असे. कैक वर्षे आग्र्याची, नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची. लष्कर भागातील अनेक मराठी घरांत अशी पदवीपत्रे चौकटीत लावलेली असत. मे १९६४ मध्ये जिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि ११ डिसेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, दिल्लीत डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने कामाला आरंभ केला. देशाला विद्यापीठे किती हवीत, कशी हवीत आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न या आयोगापुढे होते. त्यांचा हिशेब मांडण्याचा मोठा भार ज्यांनी उचलला, ते आयोगाचे सदस्य-सचिव म्हणजे जयंत पांडुरंग नाईक.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात, बहिरेवाडी या खेड्यात झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे, पुढे जे. पी. नाईक याच नावाने ते सर्वतोमुखी झाले. सविनय कायदेभंगात त्यांनी कारावास भोगला. सुटकेनंतर धारवाडजवळच्या उप्पिनबेटगिरी या गावी ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे कोल्हापूर संस्थानच्या कारभारात शिक्षणाची जबाबदारी सांभाळली. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिक्षणशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला. १९४८ मध्ये स्थापन झालेली भारतीय शिक्षण संस्था ही त्यांच्या व त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांच्या जोडकार्याची खूण होय. ती पुढे पुण्यास आली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून दिल्लीस गेलेला हा मनुष्य खेड्यातील शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा सारा जिना चढून आलेला होता. आयोगासाठी याहून योग्य सचिव मिळणे कठीण होते.

विद्यापीठीय शिक्षणाचा विचार यापूर्वी झाला नव्हता असे नाही. राधाकृष्णन यांच्याच अध्यक्षतेखालील आयोगाने १९४८-४९ मध्ये तो केला होता, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांसारखा अध्यक्ष लाभला होता. कोठारी आयोगाचे वेगळेपण असे की, त्याने बालशिक्षणापासून संशोधनापर्यंतची संपूर्ण व्यवस्था एकाच वेळी तपासावयास घेतली. सुमारे १०० दिवसांचे दौरे, ९,००० हून अधिक व्यक्तींच्या मुलाखती, २,४०० वर निवेदने, १२ कृतिगट आणि ७ अभ्यासगट, असा हा पसारा होता. तो आवरून २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. त्याच्या लेखनात नाईकांचा वाटा सिंहाचा होता, हे शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य आहे.

उच्च शिक्षणाचा हिशेब वीस वर्षे पुढे पाहून केलेला होता. १९८५-८६ मध्ये देशाला किती शिक्षक, अभियंते, वैद्य लागतील याचा अंदाज प्रथम बांधायचा. त्यावरून महाविद्यालयांतील जागा, जागांवरून अध्यापक आणि अध्यापकांवरून पैसा, अशी ही उलट्या दिशेने येणारी मांडणी होती. भारतीय सांख्यिकी संस्था आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील अभ्यासकांचे साहाय्य तीस लाभले. सुमारे १० लाख विद्यार्थ्यांची संख्या वीस वर्षांत ४० लाखांवर न्यावी लागेल आणि शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर न्यावा लागेल, असे उत्तर निघाले. पुरेशी पूर्वतयारी व साधने नसता नवे विद्यापीठ काढू नये, असेही अहवालाने बजावले. ज्या शहराला नुकतेच विद्यापीठ मिळाले होते, त्याला हा इशारा कडूच वाटावा. पण तो रास्त होता.

या हिशेबाची एक बाजू मात्र लंगडी होती. वीस वर्षांनंतर कोणता व्यवसाय किती माणसे मागेल, हे सांगणे ज्योतिषाच्या जवळ जाते. साठीचे दशक सरण्यापूर्वीच मंदी आली आणि ज्यांचा तुटवडा भासेल असे गृहीत धरले होते, ते अभियंते नोकरीसाठी वणवण फिरू लागले.

महाविद्यालयीन प्रवेश निवडीने द्यावेत आणि सहा विद्यापीठे विशेष निधी देऊन जागतिक दर्जाची करावीत, या शिफारशी तर १९६७ च्या संसद सदस्यांच्या समितीपुढे टिकल्या नाहीत. ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा महाविद्यालयाच्या दारात उभा होता, त्यांना निवड म्हणजे दार बंद होणे वाटले. त्यांची ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने सहा टक्क्यांचे ध्येय स्वीकारले, ते कागदावर. २०२० च्या धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला.

आयोगांचे अहवाल कपाटात विसावतात, हे ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको. नाईकांनी आपला अहवाल विसावू दिला नाही. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले सदस्य-सचिव म्हणून त्यांनी समाजशास्त्रीय संशोधनाला शिक्षणाच्या प्रश्नांकडे वळविले. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा देशव्यापी अभ्यास परिषदेने करविला. महाविद्यालयात जागा किती, यापेक्षा तेथवर पोहोचते कोण, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. समता, गुणवत्ता आणि संख्या हा शिक्षणातील हाती न येणारा त्रिकोण आहे, अशा आशयाचे त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये आले. संख्या वाढवावी तर दर्जा खालावतो, दर्जा राखावा तर दुर्बल बाहेर राहतात, आणि दोन्ही साधावे तर पैसा पुरत नाही, हा पेच १९६६ च्या अहवालात तक्त्यांआड दडला होता. तो त्यांनी उघड्यावर आणला. शिक्षणाइतकेच आरोग्याकडेही त्यांचे लक्ष होते आणि सर्वांसाठी आरोग्य या विषयावरील अहवालाच्या कामात ते अखेरपर्यंत गुंतले होते. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्याच आयोगाची तपासणी हाती घेतली. कोणती शिफारस अमलात आली, कोणती नाकारली गेली, कोणती नुसतीच विस्मरणात गेली, याची छाननी वकिली न करता त्यांनी केली. स्वतः घडविलेल्या अहवालाचे परीक्षण इतक्या निर्ममपणे करणारे सचिव आपल्या प्रशासनात विरळाच. ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईकांचे निधन झाले. ते पुस्तक १९८२ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाले. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाख भरली. ग्वाल्हेरात जिवाजी विद्यापीठाखेरीज कृषी आणि संगीत-कला यांची स्वतंत्र विद्यापीठे २००८ मध्ये निघाली.